‘एसजीपीटी नॉर्मल आहे’ : एका निवृत्त सुभेदाराच्या लिव्हरचं प्रकरण

फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाची फाईल लांबून ओळखू येते. बाकीचे पेशंट कॅरीबॅगमधले चुरगळलेले कागद टेबलावर ओततात आणि म्हणतात, ‘बघा डॉक्टर, यातच कुठंतरी असंल.’ फौजीचे कागद पंच केलेले, तारखेनुसार लावलेले, वर प्लॅस्टिकचं कव्हर. सगळ्यात तळाशी निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाचे कागद. नोकरीत दरवर्षी तपासणी झालेली, शेप-वन, म्हणजे फौजेतली पूर्ण तंदुरुस्तीची कॅटेगरी टिकवण्याची धास्ती घेतलेली ही माणसं. कागद टाकायचा नसतो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. या प्रकरणात जे काही हाती लागलं ते मुख्यतः या सवयीमुळे. कॉम्प्युटरचा नंबर त्यानंतर.

मी सोलापुरात मेडिसिनची प्रॅक्टिस करतो. मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा या बाजूंचे बरेच माजी सैनिक माझ्याकडे येतात. हे प्रकरण मोहोळ तालुक्यातल्या एका निवृत्त सुभेदारांचं आहे. नाव देत नाही. लिहू का म्हणून विचारलं, तर ‘सहीचा कागद घेऊन ठेवा’ म्हणाले. घेतला.

२०२३ चा सप्टेंबर. वय ६०, निवृत्त होऊन आठ वर्षं झालेली. डायबिटीस ११ वर्षांचा. उंची १७० सेंटिमीटर, वजन ७२ किलो, म्हणजे बीएमआय २४.९. अमेरिकन तक्त्यात हा माणूस नॉर्मल वजनाचा. आपल्याकडे २३ च्या वर गेलं की जास्त वजन धरतात, कारण आपल्या लोकांची चरबी पोटात आधी साठते. कमरेला टेप लावली तेव्हा ९८ सेंटिमीटर भरली. भारतीय पुरुषाला ९० च्या आत पाहिजे. पण ही टेप मी सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा लावली. त्याआधी चार वर्षं ते दर तीन महिन्यांनी शुगर दाखवायला येत होते आणि मी त्यांना काट्यावर उभं करत होतो.

लिव्हरचा विषय जुना होता. २०१५ च्या सोनोग्राफीत ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ लिहून आलं होतं. २०२१ च्या सोनोग्राफीत ‘ग्रेड १’. त्या दिवशी सुभेदारसाहेब पेढे घेऊन आले होते. ‘ग्रेड कमी झाला, डॉक्टरसाहेब.’ मीही एक खाल्ला. लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एसजीपीटीसुद्धा दर वेळी थोडं थोडं खाली येत होतं. २०२३ मध्ये ते ३८ वर आलं तेव्हा लॅबने ‘मर्यादेबाहेर’ दाखवणारी नेहमीची चांदणीही छापली नव्हती. मी फाईलवर लिहिलं, ‘एसजीपीटी नॉर्मल. आहार-व्यायाम चालू ठेवणे.’

इथे माझा भाचा या गोष्टीत येतो. तो पुण्यात डेटाचं काम करतो. सोलापूरला आला होता. अमेरिकेत माजी सैनिकांच्या नोंदींवरून कुणाचं फॅटी लिव्हर पुढे जाऊन व्रण पडून घट्ट होईल, याचा अंदाज मशीन लर्निंगने, म्हणजे कॉम्प्युटरला जुने आकडे देऊन शिकवून, बांधतात, हे त्याने वाचलं होतं. ‘मामा, तुझ्याकडंपण फौजी येतात की. करून बघू.’

अमेरिकेत हे का जमतं, हे आधी सांगायला हवं. तिथल्या माजी सैनिकांची आरोग्य यंत्रणा ही त्या देशातली सर्वात मोठी एकसंध यंत्रणा. नोंदलेले सुमारे नव्वद लाख, नोंदी कित्येक वर्षांपासून कॉम्प्युटरवर, आणि एकाच माणसाचं रक्त वीस वर्षांत किती वेळा तपासलं ते एका जागी दिसतं. लिव्हरकडे त्यांचं लक्ष गेलं त्याला हेपॅटायटिस सी हेही एक कारण. तो आजार तिथल्या माजी सैनिकांत भरपूर होता. नवी औषधं आल्यावर एक लाखाहून जास्त जणांना त्यातून बरं केलं गेलं. आपल्याकडे माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, एप्रिल २००३ पासून आहे. पण माणूस एक रिपोर्ट तालुक्याला काढतो, दुसरा सोलापुरात, तिसरा पुण्याला लेकीकडे गेल्यावर. हे सगळे कागद जिथे एकत्र येतात ती जागा म्हणजे त्याच्या बगलेतली फाईल.

तर आम्ही फायलींपासून सुरुवात केली. परवानगी घेऊन, नावं काढून, नंबर टाकून चारशेला थोड्या कमी फायली भाच्याने आणि माझ्या कंपाउंडरने दोन महिने रात्री बसून टाईप केल्या. मोजमापांचा गोंधळ विचारू नका. प्लेटलेट कुठे २.४१ लिहिलेले, कुठे २४१, कुठे २,४१,०००. तिन्हींचा अर्थ एकच, दोन लाख एक्केचाळीस हजार. कॉम्प्युटरला मात्र पहिला माणूस मरणाच्या दारात दिसतो.

पहिलं मॉडेल फार हुशार निघालं. दहापैकी नऊहून जास्त वेळा बरोबर. भाचा खूश, मी खूश, घरात आईस्क्रीम आलं. दोन दिवसांनी त्याच्या लक्षात आलं की पेपर फुटलाय.

झालं होतं असं. लिव्हर किती घट्ट झालंय हे ओळखायला एक साधं सूत्र आहे, फिब-४. वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखंच लिव्हरचं दुसरं एन्झाइम), भागिले प्लेटलेट, आणि त्याला पुन्हा एसजीपीटीच्या वर्गमुळाने भागायचं. २००६ साली ते एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या रुग्णांसाठी मांडलं गेलं आणि पुढे फॅटी लिव्हरला लागू झालं. १.३ च्या खाली असेल तर घाबरायचं कारण नाही, २.६७ च्या वर असेल तर घाबरायचं, मध्ये असेल तर पुढची तपासणी. आमच्याकडे बायोप्सी, म्हणजे लिव्हरचा तुकडा काढून तपासणी, झालेला पेशंट जवळपास नव्हताच. म्हणून ‘आजार वाढला’ याची खूण म्हणून आम्ही धरलं, फिब-४ ने २.६७ ओलांडणं. आणि मॉडेलला शिकायला काय दिलं? वय, एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट. म्हणजे उत्तर प्रश्नातच छापलेलं. मशीनने एवढंच केलं की आम्हाला पाठ असलेलं सूत्र आम्हालाच परत म्हणून दाखवलं.

मग खूण बदलली. ज्यांची फायब्रोस्कॅन झाली होती तेवढेच घेतले. बरगड्यांच्या फटीतून लिव्हरला हलका ठोका देऊन त्याची लाट किती वेगाने जाते ते हे मशीन मोजतं. लिव्हर जितकं घट्ट तितकी लाट वेगाने जाते, आकडा किलोपास्कलमध्ये येतो. असे पेशंट शंभरच्या आतच. त्यात खरोखर घट्ट लिव्हरवाले तीसेक. एवढ्याशा आकड्यांवर भारी मॉडेल चालवलं तर ते शिकत नाही, पाठांतर करतं. भाच्याने आपला आवडता एक्सजीबूस्ट गुमान बाजूला ठेवला आणि साधं लॉजिस्टिक रिग्रेशन घेतलं. चार गोष्टी ठेवल्या: प्लेटलेट दरवर्षी किती उतरतात, एसजीओटी आणि एसजीपीटीचं गुणोत्तर, डायबिटीस किती वर्षांचा, आणि कंबर. कंबर बहुतेकांची नव्हतीच, म्हणून सप्टेंबरमध्ये मी टेप घेऊन बसलो होतो.

एक गोष्ट तेव्हाही नीट सुटली नाही आणि आजही सुटलेली नाही. फायब्रोस्कॅन कुणाची होते? ज्याच्याबद्दल डॉक्टरला शंका येते त्याची. म्हणजे मशीन लिव्हर शिकलं की डॉक्टरची शंका शिकलं, हे वेगळं काढता येत नाही. शंका चुकीच्या माणसांवर येत असेल तर मॉडेलही त्यांच्याचकडे बोट दाखवणार.

हे मॉडेल मग सगळ्या फायलींवर चालवलं, आणि नोव्हेंबरच्या एका रविवारी भाच्याने अकरा नंबरांची यादी दिली. धोका जास्त. मी नंबरांवरून नावं काढली. पहिलंच नाव बघून मला हसू आलं. प्लेटलेट एकदम ६२ हजारांवर पडलेले, म्हणून मॉडेल घाबरलं होतं. तारीख बघितली तर दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. त्या महिन्यात त्यांच्या गल्लीत घरटी एकाला डेंग्यू होता, आणि महिन्याभरात त्यांचे प्लेटलेट जागेवर आले होते. भाच्याला सांगितलं, तापातला रिपोर्ट मोजायचा नाही. हे त्याला कुठल्याही कोर्समध्ये शिकवलेलं नव्हतं.

तिसरं नाव सुभेदारसाहेबांचं.

मला पटेना. पेढ्याची आठवण होती. फाईल मागवली, एकेक रिपोर्ट काढला आणि आकडे एकाखाली एक मांडले:

२०१५: वय ५२, एसजीओटी ३४, एसजीपीटी ५२, प्लेटलेट २.४१ लाख. फिब-४: १.०२
२०१८: वय ५५, एसजीओटी ३८, एसजीपीटी ४९, प्लेटलेट २.१२ लाख. फिब-४: १.४१
२०२१: वय ५८, एसजीओटी ४१, एसजीपीटी ४४, प्लेटलेट १.८४ लाख. फिब-४: १.९५
२०२३: वय ६०, एसजीओटी ४३, एसजीपीटी ३८, प्लेटलेट १.६२ लाख. फिब-४: २.५८

प्लेटलेटची नॉर्मल मर्यादा दीड लाखापासून सुरू होते. चारही आकडे नॉर्मल. एसजीपीटी उतरत गेलं, ते आम्ही सुधारणा म्हणून साजरं केलं. पण एसजीओटी हळूहळू चढत होतं आणि शेवटच्या रिपोर्टात त्याने एसजीपीटीला मागे टाकलं होतं. लिव्हरमध्ये व्रण वाढत जातो तसं हे गुणोत्तर उलटतं. घट्ट होत जाणाऱ्या लिव्हरमधून रक्त नीट पुढे सरकत नाही, मग पानथरी फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून राहतात. सोनोग्राफीचा ग्रेडही तसाच फसवा. ग्रेड चरबीचा असतो, व्रणाचा नाही. आजार बराच पुढे गेला की चरबी कधीकधी स्वतःहून कमी होते. ग्रेड २ चा ग्रेड १ झाला तो कदाचित याच वाटेने.

इथे मशीनचं फार कौतुक करायला मी तयार नाही. २०१८ सालीच फिब-४ ने १.३ ओलांडलं होतं. नियमाप्रमाणे फायब्रोस्कॅन तेव्हाच व्हायला हवी होती. २०१९ पासून ते माझ्याकडे होते, आणि ते सूत्र मी एकदाही मांडलं नाही. मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचं काम. ओपीडीत साठ पेशंट असले की अर्धं मिनिटही निघत नाही, हे खरं आहे आणि ही सबबही आहे. यंत्राने हुशारी दाखवली नाही. कंटाळा न करता चारशे फायलींचे जुने कागद पुन्हा उघडले, एवढंच केलं.

साहेबांना बोलावलं. फायब्रोस्कॅनचं मशीन महिन्यातून एकदा एका पोटविकारतज्ज्ञांकडे येतं, त्या दिवसाची वेळ घेतली. आकडा आला १४.२. मी हबकलो. तेवढ्यात तिथल्या मुलीने विचारलं, ‘काका, सकाळी काय खाल्लं?’ साहेब सरळ म्हणाले, ‘कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. आणि स्टँडवर चहा-भजी.’ मोहोळहून एसटी पकडून यायचं, उपाशीपोटी कसं येणार? पण जेवणानंतर लिव्हरकडे रक्त वाढतं आणि आकडा फुगतो. किमान तीन तास पोट रिकामं हवं. हे त्यांना सांगायचं मीच विसरलो होतो. दुपारी परत केली. ११.२.

दहा ते पंधराच्या मधला आकडा म्हणजे आजार बऱ्यापैकी पुढे गेल्याची शंका, नक्की शिक्का नाही. हेपॅटायटिस बी, सी दोन्ही निगेटिव्ह. प्लेटलेट दीड लाखाच्या वर आणि फायब्रोस्कॅन वीसच्या खाली, त्यामुळे अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघायला लगेच दुर्बीण घालायची गरज नव्हती.

मग दारू. फाईलवर पहिल्यापासून ‘ऑकेजनल’ लिहिलेलं होतं. आमच्या चारशे फायलींपैकी जवळजवळ सगळ्यांवर तेच होतं. ज्या रकान्यात सगळ्यांचं उत्तर एकच, तो रकाना मॉडेलच्या काय कामाचा?

‘साहेब, रोज किती?’
‘दोन.’
‘स्मॉल की लार्ज?’
‘फौजेत स्मॉल नसतो, डॉक्टरसाहेब.’

लार्ज म्हणजे ६० मिली. आपल्याकडची रम ४२.८ टक्क्यांची. एका लार्जमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल, दोनात ४०. २०२३ मध्ये फॅटी लिव्हरची नावं बदलली. त्यानुसार पुरुषाला दिवसाला ३० ग्रॅमच्या आत असेल तर आजार चयापचयाचा धरतात. ३० ते ६० च्या मध्ये असेल तर त्याला वेगळं नाव आहे, मेट-एएलडी, म्हणजे साखर-चरबी आणि दारू दोघांचाही हात. फौजी कॅन्टीनचा दारूचा कोटा महिन्याचा महिना घरात येतो, त्याला घरात कुणी ‘पिणं’ म्हणतच नाही. काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांना आत बोलावलं तर त्या म्हणाल्या, ‘जेवायच्या आधी घेत्यात. औषधासारखं.’

पुढचं लवकर सांगतो, कारण त्यात नवं काही नाही. दारू बंद. कोटा गावातल्या दुसऱ्या फौजीकडे जाऊ लागला, याची मला अजून बोच आहे. संध्याकाळी चालणं. भाकरी तीच, पण मोजून, आणि दुपारच्या चहातली साखर गेली. डायबिटीसची गोळी बदलली. कोलेस्टेरॉलची गोळी त्यांनी दोन वर्षांपूर्वी स्वतःच बंद केली होती, कुणीतरी ‘लिव्हरला वाईट’ म्हणालं म्हणून. ती परत सुरू केली. फॅटी लिव्हरमध्ये ती चालते, आणि या माणसांचा जीव लिव्हरपेक्षा हृदयामुळे जाण्याची शक्यता जास्त असते. लिव्हर टॉनिकच्या तीन बाटल्या घरी होत्या, त्या बंद.

आता ज्यांचं नाव यादीत नव्हतं त्यांच्याबद्दल. अक्कलकोट तालुक्यातले एक हवालदार, वय ६६. मॉडेलने सांगितलं होतं, धोका कमी. २०२४ च्या फेब्रुवारीत रात्री अकराला रक्ताची उलटी झाली म्हणून त्यांना घेऊन आले. प्लेटलेट ७८ हजार. अन्ननलिकेतल्या शिरा फुटल्या होत्या. बँडिंग झालं, म्हणजे दुर्बिणीतून शिरांना रबरी कड्या बसवल्या, वाचले. दुसऱ्या दिवशी मी भाच्याला फोन केला. त्याने त्यांचा नंबर काढला आणि बराच वेळ काही बोलला नाही. फाईलमध्ये दोनच रिपोर्ट होते आणि दोन्हींत प्लेटलेट नव्हते. रिकाम्या जागी मॉडेलने सगळ्यांची सरासरी भरली होती. म्हणजे ज्यांच्याबद्दल आम्हाला काहीच माहीत नव्हतं, त्यांना आम्ही दोन लाखांचे धडधाकट प्लेटलेट देऊन टाकले होते.

त्यानंतर भाच्याने तिसरा खण केला. आता मॉडेल ‘जास्त’ म्हणतं, ‘कमी’ म्हणतं, आणि तीन वर्षांच्या अंतराने किमान तीन रिपोर्ट नसतील तर ‘सांगता येत नाही’ म्हणतं. पहिल्याच फेरीत निम्म्याहून जास्त फायली या तिसऱ्या खणात पडल्या. दिसायला हे मॉडेल आधीच्यापेक्षा मठ्ठ आहे. मी आता तेच वापरतो, आणि सकाळी सर्वात आधी तिसरा खण उघडतो. त्यातल्या माणसांना फोन करून सांगायचं असतं की साधं सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करून या, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. पासष्टच्या वरच्यांसाठी फिब-४ ची खालची मर्यादाही १.३ ऐवजी २ धरतो. सूत्रात वय गुणाकारात आहे. एसजीओटी ३०, एसजीपीटी ३०, प्लेटलेट २.२ लाख, असं तेच रक्त चाळिशीत १.०० दाखवतं आणि सत्तरीत १.७४. लिव्हर तेवढंच, फक्त वाढदिवस झालेले.

सुभेदारसाहेब डिसेंबर २०२४ मध्ये परत फायब्रोस्कॅनला आले. या वेळी रात्री आठनंतर पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, हे त्यांनी रिपोर्ट देणाऱ्या मुलीला दोनदा सांगितलं. वजन ६७, म्हणजे पाच किलो कमी, सात टक्क्यांच्या आसपास. कंबर ९२. प्लेटलेट १.६६ लाख. आकडा ९.८.

‘सुधारलं का?’ त्यांनी विचारलं.

११.२ वरून ९.८ हा फरक मशीनच्या स्वतःच्या चढउतारातही बसू शकतो. प्लेटलेटचे चार हजार तर दोन लॅबमधला फरक म्हणूनही निघतील. मागे एकदा पेढा खाऊन बसलो होतो. म्हणालो, ‘प्लेटलेटची रेघ खाली जायची थांबलीय असं वाटतं. अजून दोन ठिपके लागतील.’

त्यांनी खिशातून पंच काढला. हो, ते पंच सोबत घेऊन फिरतात. रिपोर्टला दोन भोकं पाडली, फाईलमध्ये लावला आणि विचारलं, ‘पुढचा ठिपका गड्ड्याच्या आधी की नंतर?’

पुढच्या वर्षीच्या गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या आधी, असं मी लिहून दिलंय.